दोनदा नको, मग बरं

उत्तमराव गजभाऱ्यांना चहा पाजणं हे एक कामच होतं. चहा त्यांना आवडत नसे असं समजू नका. चहा म्हटलं की माणूस खुलायचा. पण पाजणाऱ्यानं तीनदा विचारलं पाहिजे. "चहा घेता का?" "नको, नको." "घ्या हो, केलाय." "नको खरंच, आत्ताच झाला." "अहो, घ्या म्हणतो ना!" "बरं. अर्धाच." आत्ताच झालेला कुठला! सकाळपासून थेंब पोटात नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक आणि ह्यांनाही ठाऊक. तरी ही कवायत व्हायचीच.

सुलतान बाजाराजवळच्या एका कॉलेजात ते लायब्ररीतली फाटकी पुस्तकं बांधायचे. पुठ्ठा, खळ, दोरा आणि एक मोठी सुई, एवढा त्यांचा संसार. तिथली दखनी बोलणारी पोरं त्यांना 'नक्को चाचा' म्हणत. केशवराव, म्हणजे तिथले ग्रंथपाल, हसून सांगत की हा नक्को मूळचा आपलाच, मराठीतून दखनीत गेलेला. म्हणजे बघा, आपलाच शब्द गावभर फिरून पुन्हा आपल्याच माणसाला येऊन चिकटला. उत्तमरावांना त्याचा राग येत नसे. ते खळ ढवळत हसायचे.

ही खोड कुठून आली ते सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. उत्तमराव मूळचे बिलोली तालुक्यातले. त्यांची आई भामा गावात चार घरची कामं करायची आणि कामाबद्दल उरलंसुरलं अन्न मिळायचं. छपन्न साली वस्तीनं धम्म घेतला आणि भामानं त्या दिवसापासून उष्टं घेणं बंद केलं. सणाच्या दुसऱ्या दिवशी एका घरची बाई दारात येऊन म्हणाली, "भामे, पोळ्या उरल्यात, ने." भामा म्हणाली, "नको." बारा वर्षांचा उत्तम शेजारी उभा होता, पोटात आग पडलेली. त्यानं आईचं लुगडं ओढलं, पण आई काही हलली नाही.

त्या दिवशी तिनं पोराला जवळ बसवून सांगितलं, "कुणी काही देऊ केलं तर आधी नको म्हण. पुन्हा विचारलं तरी नको म्हण. उरलेलं देणारा एकदा विचारतो आणि पुढं जातो. ज्याला मनापासून द्यायचंय, तो तिसऱ्यांदा विचारतो. मग घे. आणि घेताना मान खाली घालू नको." हिशेबच नाही त्या बाईच्या अकलेचा! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईनं माणसाची पारख करायची रीत काढली होती. उत्तमरावांनी ती जन्मभर पाळली आणि त्यांचं फारसं काही बिघडलं नाही.

बिघडलं ते त्यांच्या लेकीचं. निदान तसं वाटलं तरी.

रोशनी ही त्यांची एकुलती एक. मलकपेठेतल्या दोन खोल्यांत वाढली आणि सुट्टीच्या दिवसांत लायब्ररीत. बाप पुस्तक शिवायचा आणि ही शेजारी बसून तेच पुस्तक शिवायच्या आत वाचून काढायची. "थांबा बाबा, दोन पानं राहिलीत," म्हणून सुई अडवायची. इंजिनिअर झाली तेव्हा सखूनं, म्हणजे तिच्या आईनं, गल्लीभर पेढे वाटले आणि दोन दिवस सगळ्यांना तीच गोष्ट सांगितली. शेजारीण म्हणाली, "सखू, आम्हाला तर पेढे खाल्ले तेव्हाच कळलं," तरी हिचं थांबेना.

तो काळच तसा होता. देशाची दारं उघडली होती आणि हैदराबादेत ज्या त्या गल्लीत कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते. उत्तमरावांना हा बदल पुस्तकांच्या पाठीवरून कळायचा. पूर्वी गणिताची आणि तेलुगू कवितांची पुस्तकं फाटून यायची. आता विटेएवढी जाड परदेशी पुस्तकं यायची, चार पोरांनी हाताळली की मधून दुभंगायची. ती शिवता शिवता ते पोरांचं बोलणं ऐकत. कुणाला डॉलर हवे होते, कुणाला बहिणीचं लग्न करायचं होतं, कुणी नुसता मित्र गेला म्हणून निघाला होता. एक युवराज नावाचा पोरगा तर म्हणाला, "चाचा, इथं राहिलो तर बापाच्या दुकानात बसावं लागेल, म्हणून जातोय." त्यांना हसू आलं. पण कुणालाही त्यांनी नावं ठेवली नाहीत. आपणही बिलोलीहून पळूनच आलो की, असं त्यांच्या मनात यायचं.

रोशनीचं कारण वेगळं होतं. हैदराबादेतल्या एका मुलाखतीत सगळी उत्तरं बरोबर दिल्यावर समोरच्या माणसानं विचारलं होतं, "गजभारे म्हणजे नेमके कोण?" ती घरी आली, चप्पल काढली आणि म्हणाली, "बाबा, मी अमेरिकेला जाते. तिथं गजभारे म्हणजे कोण असं कुणी विचारणार नाही. त्यांना ते नीट म्हणताच येणार नाही." सखू रागावली, रडली. उत्तमरावांना मात्र पोरीचं पटलं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात ती गेली. सन दोन हजार लागताना कॉम्प्युटरांची तारीख चुकणार म्हणून तिकडं माणसं हवी होती, त्या कामावर. बेगमपेठच्या विमानतळावर उत्तमरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आईचाच मंत्र दिला, "दोनदा नको, मग बरं. हावरटपणा करायचा नाही, माय." ती म्हणाली, "हौ बाबा, माहितीये." मग दर रविवारी संध्याकाळी साडेसातला फोन वाजायचा. तिकडं तेव्हा सकाळ असे. सखू सात वाजल्यापासून फोनसमोर स्टूल घेऊन बसायची.

सन दोन हजारचा फेब्रुवारी उजाडला. तारखांचं काम संपलं होतं आणि मार्चअखेर करार संपणार होता. त्या रविवारी रोशनीचा आवाज नेहमीसारखा नव्हता.

"बाबा, एक गंमत सांगू? गंमत कसली म्हणा." आणि तिनं सांगितलं. तिची वरिष्ठ मार्था नावाची बाई होती. तिनं सोमवारी बोलावून विचारलं होतं, कंपनीत कायमची जागा आहे, घेशील का, सगळे कागद कंपनी करेल. रोशनी म्हणाली, "नको, नको, माझ्याहून जुनी माणसं आहेत." गुरुवारी मार्थानं पुन्हा विचारलं, "नक्की नको ना?" ही म्हणाली, "नको, खरंच." आणि तिसऱ्या वेळेची वाट बघत बसली! शुक्रवारी मार्थानं सगळ्यांसमोर सांगितलं की रोशनीची इच्छा नाही, तेव्हा सोमवारी दुपारी दुसरं नाव वर पाठवते.

"मला वाटलं, ती अजून एकदा विचारेल," रोशनी म्हणाली. हसायला गेली आणि मधेच रडू कोसळलं. "बाबा, मला ती जागा हवी होती हो. दीड वर्ष मी त्याच कामासाठी मरत होते. माझी चूकच झाली."

उत्तमरावांनी फोन कानाशी घट्ट धरला. चूक तिची कुठली? ती तर त्यांची होती. आणि खरं सांगायचं तर दुसऱ्याच क्षणी त्यांच्या मनात आलं: म्हणजे पोरगी घरी येणार. एप्रिलमध्ये ह्या खोलीत बसलेली असणार. त्यांना आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून लाजही वाटली. ते एवढंच म्हणाले, "रडू नको, माय. बघू काय ते." सखूला कळलं तेव्हा ती स्टुलावरून उठलीच. "बरंच झालं! पोरगी घरी येतीये, आणखी काय पाहिजे? इथं काय नोकऱ्यांचा दुष्काळ पडलाय?" आणि लगेच तिनं कपाटातल्या चादरी बाहेर काढल्या, उन्हात घालायला.

सोमवारी उत्तमरावांचं कामात लक्ष लागेना. एक पुस्तक उलटं बांधून ठेवलं. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून ते गौलीगुड्याला केशवरावांकडे गेले. केशवराव निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण मनात काही डाचलं की उत्तमरावांचे पाय तिकडंच वळत.

केशवराव झोपाळ्यावर बसले होते आणि इंदुताई, त्यांच्या बायको, खाली बसून गवार मोडत होत्या. "या उत्तमराव! चहा?" "नको साहेब." "घ्या हो." "नको, आत्ताच..." "इंदू, अर्धा कप टाक, हा माणूस सुधारायचा नाही." चहा आला. उत्तमरावांनी उसनं हसू आणून सांगितलं की रोशनी परत येतेय, आणि कशी येतेय तेही सांगितलं. विनोदानं सांगायला गेले, पण तो काही विनोद राहिला नाही.

केशवराव हळहळले. इंदुताईंचे हात मात्र थांबले. त्या म्हणाल्या, "अहो, ह्यांना एक्क्याऐंशी सालची गोष्ट तुम्ही कधी सांगितली नाहीत का?"

"कसली गोष्ट, ताई?" उत्तमरावांनी विचारलं.

केशवराव थोडे ओशाळले. मग त्यांनी सांगितलं. एक्क्याऐंशी साली उत्तमराव रोजंदारीवर होते. पुस्तकं बांधणाऱ्याची एक कायम जागा मंजूर झाली आणि केशवरावांनी ती त्यांना देऊ केली. उत्तमराव म्हणाले, नको साहेब. केशवरावांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नको. "मला वाटलं, तुम्हाला गावाकडं जायचं असेल. दुसऱ्या एका माणसाचं नाव लिहून मी पाकीट बंद केलं आणि घरी आलो. हिला सहज सांगितलं."

"आणि मी विचारलं," इंदुताई म्हणाल्या, "की नको म्हटल्यावर ते तिथून निघून गेले का? तर हे म्हणाले, नाही, टेबलाशी उभेच होते. मी म्हटलं, मग पाकीट फोडा आणि सकाळी परत विचारा. ज्याला नको असतं तो माणूस निघून जातो हो. उभा कशाला राहील?"

उत्तमराव कपाकडे बघत राहिले. ती सकाळ त्यांना लख्ख आठवत होती. केशवराव कुलूप उघडायच्या आधीच दारात थांबलेले, आणि म्हणालेले, "उत्तमराव, शेवटचं विचारतो." आणि ते म्हणाले होते, "बरं." एकोणीस वर्षं ते समजत होते की केशवरावांनी मनापासून तिसऱ्यांदा विचारलं. विचारलं खरंच मनापासून, पण गवार किंवा अशीच कुठली तरी भाजी मोडणाऱ्या एका बाईनं ते विचारायला लावलं होतं. ती बाई त्या दिवशी काही बोलली नसती तर? ना कायम नोकरी, ना मलकपेठची खोली, ना रोशनीची फी. सगळा संसार एका पाकिटाच्या डिंकावर अडकलेला होता आणि ह्यांना पत्ताच नाही!

त्यांचे डोळे भरून आले. "ताई," ते म्हणाले, "मी आजवर तुमच्या हातचा एवढा चहा प्यालो, आणि हे मला माहीतच नव्हतं. तुमचे उपकार..."

"उपकार राहू द्या," इंदुताई म्हणाल्या. "त्या मार्थाबाईच्या घरी कोण आहे, तिला परत विचार म्हणून सांगणारं? कोणी नाही ना? मग इथं काय बसलात?"

उत्तमरावांनी घड्याळ पाहिलं. चार वाजत आले होते. तिकडं पहाटेचे साडेपाच. रोशनी सात वाजता घर सोडायची. घरच्या फोनवरून परदेशी फोन लागत नसे, आणि खरं तर आजवर अमेरिकेला त्यांनी स्वतःहून एकदाही फोन केला नव्हता. पोरगीच करायची. छपन्न वर्षांचा माणूस गौलीगुड्याहून सुलतान बाजारातल्या फोनच्या बूथकडं जवळजवळ पळत निघाला. रिक्षावाले हाका मारत होते, ह्यांना ऐकू येत नव्हतं. वाटेत एकच विचार डोक्यात होता: फोन केला नाही तर पोरगी घरी येईल. नुसतं गप्प बसायचं आहे. कुणालाही कळणार नाही, सखू तर खूशच होईल. साड्यांच्या एका दुकानापुढं ते खरंच थांबले. दुकानातला पोऱ्या म्हणाला, "आइये चाचा, क्या दिखाऊं?" आणि ते भानावर येऊन पुढं चालू लागले.

फोनच्या बूथमध्ये एक बाई दुबईतल्या नवऱ्याशी भांडत होती. ती आटपेपर्यंत ह्यांचा जीव टांगणीला. मग काचेचं दार लावून घेतलं, खिशात जपलेल्या चिठ्ठीवरचा नंबर दोनदा चुकला, तिसऱ्यांदा लागला.

"बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?" रोशनी घाबरलीच.

"सगळे बरे आहेत. ऐक, माय. आज ऑफिसला गेलीस की आधी त्या बाईंकडं जा. सांग, मला ती जागा हवी आहे."

"बाबा, मागायचं? आपल्या घरात कधी कुणी मागितलंय का?"

"अगं, तुझ्या आजीचं नको हे उष्ट्यासाठी होतं," उत्तमराव म्हणाले. काचेबाहेरची माणसं बघत होती, त्याची त्यांना पर्वा नव्हती. "कुणाच्या तरी ताटातलं उरलेलं होतं ते. हे काम उष्टं आहे का? दीड वर्ष तू केलंस ना ते? मग तुझंच आहे. मी तुला अर्धंच शिकवलं, पोरी. चुकलो मी. तुझ्या आजीनं मला हेही सांगितलं होतं की घेताना मान खाली घालायची नाही, आणि मी तुला नुसतं नको तेवढं सांगितलं."

"पण मग मी परत येणार नाही, बाबा," रोशनी हळू आवाजात म्हणाली. "जागा मिळाली तर इथंच राहावं लागेल. तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय," उत्तमराव म्हणाले. "आता फोन ठेव आणि आंघोळीला जा. उशीर करू नको."

घरी आले तेव्हा सखू चादरी घड्या करत होती. फोनचं त्यांनी तिला सांगितलं नाही. जेवताना त्यांनी भात दुसऱ्यांदा घेतला नाही. सखूनं विचारलं, बरं नाही का? ते म्हणाले, बरंय. जन्मात त्यांनी बायकोपासून काही लपवलं नव्हतं आणि आज लपवता लपत नव्हतं.

मंगळवारी सकाळी साडेसहाला फोन वाजला. रविवार नसताना फोन, म्हणून सखू चुलीवरचं दूध तसंच टाकून धावली. उत्तमरावांनी तिच्या आधी फोन उचलला.

"बाबा, मी गेले," रोशनी म्हणाली. धाप लागल्यासारखं बोलत होती. "मार्थानं पेन हातात घेतलेलं. मी म्हटलं, मला जागा हवी आहे. ती म्हणाली, मग दोनदा नको कशाला म्हणालीस? मी सांगितलं, आमच्याकडं तशी रीत आहे. ती हसत सुटली, बाबा. म्हणाली, तुमच्याकडच्या आणखी काही रीती असतील तर आत्ताच सांगून टाक. आणि नाव पाठवलं. माझंच. संध्याकाळी वरून होकारही आला. मला कायम केलं!"

"कायम," उत्तमराव म्हणाले. तो शब्द त्यांनी आयुष्यात एकदाच इतक्या आनंदानं ऐकला होता. आजही आनंदच होता, अगदी खरा. लेकीनं स्वतःच्या तोंडानं स्वतःचं मागून घेतलं होतं आणि समोरच्यानं ते हसत दिलं होतं. बिलोलीकडच्या त्या दारात पोळ्यांना नको म्हणणाऱ्या भामाची नात ती. त्यांनी फोनवरच हात जोडले, कुणाला ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

"बाबा, तुम्ही काल फोन केला नसता ना, तर मी गेले नसते," रोशनी म्हणाली. फोन जुना, आवाज मोठा. सखू शेजारीच उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

मग तिनं फोन घेतला. लेकीला म्हणाली, "चांगलं झालं, बाई. फार चांगलं झालं." तब्येतीचं विचारलं, जेवलीस का विचारलं, आणि फोन ठेवला. आत दूध उतू जाऊन वास सुटला होता, तरी ती हलली नाही.

"तुम्ही फोन केला होता?" तिनं विचारलं.

"हौ."

"काल? मी चादरी घड्या करत होते तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हौ, सखू."

सखू खुर्चीत बसली आणि रडली. मोकळं रडली, तोंड न लपवता. उत्तमराव बाजूला उभे राहिले. आता ही काय बोलेल ते बोलू दे, असं त्यांनी ठरवलं होतं. बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"बरं केलंत," ती म्हणाली. "मला तो नंबर लावता येत असता तरी मी लावला नसता."